चंब्याला न गेलेला उन्हाळा

सहावीच्या हिंदीच्या पेपरात मी यंदा एक अगदी सोपा प्रश्न टाकला होता. दिलेल्या शब्दांचा वाक्यात उपयोग करा. शब्द होते शिखर, झरना, घाटी आणि बर्फ. हे चार मार्क मुलांना फुकट मिळावेत, एवढाच हेतू. रविवारी दुपारी गठ्ठा घेऊन बसले. बाहेर सिल्वासाचं ते एप्रिलचं चिकट ऊन, डोक्यावर पंखा, आणि पंख्याने उडू नयेत म्हणून पेपरांवर ठेवलेलं लाटणं. बहुतेकांनी 'कश्मीर की घाटी सुंदर है' असं लिहून मार्क पदरात पाडून घेतले होते. एका मुलीने मात्र लिहिलं होतं, 'मेरे पापा घाटी हैं, लेकिन बहुत अच्छे हैं।'

मी आधी खो खो हसले. मग लाल पेन उचललं आणि ते तसंच हातात राहिलं. ही मुलगी शिरपूरकडची. वडील जवळच्या रांधा गावातल्या एका कारखान्यात कामाला. त्यांच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी तिच्या बापाला तसं म्हणत असणार, आणि तिने ते ऐकून, गिळून, पुढे 'लेकिन' जोडून आपल्यापुरता निकाल लावला असणार. हिंदीच्या पुस्तकाप्रमाणे ते वाक्य चूक होतं. मी त्याला पूर्ण मार्क दिले. हा पक्षपात आहे हे मला कळतं. पण त्या एका वाक्याने मला माझ्या दहावीच्या उन्हाळ्यात नेऊन बसवलं होतं आणि तिथून मला उठवेना.

ज्यांना ही गंमत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हिंदीत घाटी म्हणजे दोन डोंगरांच्या मधली सखल, नदीची जागा. आपण तिला खोरं म्हणतो, दरी म्हणतो. हिंदीत पुन्हा दरी म्हणजे सतरंजी, त्यामुळे माझ्या वर्गात दर वर्षी कुणीतरी दरीत पडतं आणि कुणीतरी दरीवर झोपतं. मराठीत मात्र घाटी म्हणजे घाटावरचा माणूस. कोकणातला किंवा मुंबईतला माणूस हा शब्द उच्चारतो तेव्हा त्यात कौतुक नसतं, हे कळायला शब्दकोश लागत नाही. आमच्या गावात मराठी, हिंदी, गुजराती एकाच बाकावर बसतात आणि एकमेकींच्या डब्यातलं खातात. असे घोटाळे इथे रोजचेच.

आमच्या घरात या शब्दाला बंदी होती. कुणी घातली नव्हती, पण होती. आई राजापूरकडची. प्राथमिक शिक्षिका म्हणून ती इथल्या सरकारी मराठी शाळेत लागली आणि सिल्वासातल्याच आमलीला काशीबेनच्या चाळीत एक खोली घेऊन राहिली. पप्पा तापीकाठचे, चोपड्याच्या बाजूचे. सुताच्या कारखान्यात फिटर. तेही त्याच चाळीत, दोन खोल्या सोडून. चाळीची पाण्याची मोटर अधूनमधून बिघडायची आणि पप्पा ती दुरुस्त करायचे. पुढे पुढे ती जरा जास्तच बिघडायला लागली, असं काशीबेन डोळे मिचकावून सांगायच्या. दोघांनी लग्न ठरवलं तेव्हा आजोबा हयात नव्हते. घरचे कर्ते म्हणजे आईचे थोरले भाऊ, बापूमामा. ते म्हणाले, "सगळं कोकण काय ओस पडलं होतं, म्हणून तुला घाटी मिळाला?" लग्नाला ते आले नाहीत. मी झाल्यावर त्यांचा राग निम्मा उतरला, म्हणजे दर मे महिन्यात आईला आणि मला बोलावणं यायला लागलं. पप्पांना कधीच नाही.

तेव्हापासून तो शब्द आईने तोंडातून काढला नव्हता. पप्पांची भाषा मात्र ती सुधारत राहायची. बाईच ती, हाडाची.

"पानी नाही हो, पाणी."

"तहान दोघांनी बी भागते," पप्पा म्हणायचे आणि तांब्या तोंडाला लावायचे.

तर त्या वर्षीचा एप्रिल. माझी परीक्षा संपली होती आणि निकालाला अजून अवकाश होता. आयुष्यातला एवढा मोकळा वेळ मला पुन्हा कधी मिळाला नाही. दमणगंगेचं पाणी उतरून पात्रातले काळे दगड वर आले होते. बाजारात ताडगोळेवाल्या बायका बसायला लागल्या होत्या, आणि त्यांच्याकडून आणलेले ताडगोळे सोलताना नखांत जाणारा तो गार चिकटपणा मला आजही आठवतो. कारखान्याचा भोंगा झाला की पंधरा मिनिटांनी पप्पा यायचे. त्यांच्या शर्टाला सुताच्या तेलाचा वास असायचा, थोडासा जळका. आई तो शर्ट वेगळ्या बादलीत टाकायची. मला तो वास आवडायचा. अजूनही एखादा कामगार शेजारून गेला आणि तो वास आला की मी मान वळवते, आणि मग ओशाळते.

एका रविवारी पप्पा कारखान्यातल्या ठाकूरजींना चहाला घेऊन आले. ठाकूरजी बॉयलरवर होते. बुटके, गोरे, गालांवर लाली, आणि सिल्वासाच्या उकाड्यात कायम घामाने डबडबलेले. गाव चंबा. हिमाचलात, रावी नदीच्या काठी. ते आपल्या गावाबद्दल सांगायला लागले. गावाच्या मध्यभागी हिरवळीचं भलंमोठं मैदान आहे, चौगान. संध्याकाळी सगळं गाव तिथे येऊन बसतं. कुणी कुणाला विचारत नाही, तू कोणाचा. खाली रावीचा आवाज. मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. मग बोलता बोलता ठाकूरजी म्हणाले, "हम तो घाटी के लोग हैं भाभीजी, सीधे-सादे. शहर में आकर फँस गए."

आईच्या हातातली बशी थांबली. तिचा चेहरा लाल झाला.

"कौन बोला आपको ऐसा?" ती म्हणाली. "नाव बताओ. मैं बात करती हूँ उससे."

ठाकूरजी गोंधळले. "क्या बोला, भाभीजी?"

"वही. घाटी. कोई ऐसे बोलता है क्या किसी को? आप सुनके मत लेना."

"लेकिन हम तो हैं घाटी के," ठाकूरजी म्हणाले. "बाप-दादा सब घाटी के."

आणि पप्पा हसायला लागले. असे हसले की भिंतीला पाठ लावून खाली बसले, डोळ्यांतून पाणी आलं, ठसका लागला. आई त्यांच्याकडे बघत राहिली. मी नुकताच हिंदीचा पेपर देऊन आले होते, म्हणून अर्थ मी सांगितला. आई आधी चिडली, मग तिलाही हसू आवरेना. ठाकूरजींना शेवटपर्यंत काही कळलं नाही, पण पाहुणा म्हणून तेही हसले. पप्पा डोळे पुसत म्हणाले, "मंग मी बी घाटीचाच की. तापीच्या घाटीचा."

आमच्या घरात तो शब्द पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला गेला तो असा, आणि छत काही कोसळलं नाही. ठाकूरजी गेल्यावर आई कप विसळत होती. पप्पा दारात उभे राहून म्हणाले, "सुनंदा, एकदा माझ्यासंगं चल. त्या चंब्याला. तुला ती सरकारी सवलत भेटते ना, ती या वर्षी तिकडची घे."

सरकारी नोकरांना ठरावीक वर्षांनी कुटुंबासह प्रवासाची सवलत मिळते. आपल्या गावी जा, नाहीतर भारतात कुठेही जा. आईने ती नेहमी राजापूरसाठीच वापरली होती, फक्त तिच्यापुरती आणि माझ्यापुरती. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, पण 'हे आमचे मिस्टर' असं परक्या माणसाला सांगावं लागेल अशा कुठल्याच ठिकाणी ती पप्पांबरोबर गेली नव्हती. बाजार, दवाखाना, माझी शाळा, बस्स. पप्पा चंबा म्हणत होते, पण मागत होते ते एवढंच. पंधरा वर्षांच्या मुलीलाही ते समजलं, म्हणजे आईलाही समजलं असणार. ती म्हणाली, "बघू." आणि दुसऱ्या दिवशी तिने अर्ज भरला. ठिकाण, चंबा.

तिच्या स्टाफरूममध्ये दोन दिवस दुसरा विषय नव्हता. "चंबूगबाळं आवरा, बाई चंब्याला निघाल्या," असं एक सर म्हणाले आणि तो विनोद आईने घरी येऊन आम्हाला तीनदा सांगितला. तिला तो फार आवडला होता. पप्पांनी कारखान्यातून पॅकिंगचा मोठा खाकी कागद आणला आणि त्यावर सगळा रस्ता काढला. वापीहून गाडी, पठाणकोटला उतरायचं, तिथून बस, वळणं, वळणं, मग रावी. नदी त्यांनी माझ्या निळ्या स्केचपेनने काढली आणि पेन संपवलं. तो नकाशा सुताच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून ठेवलेला असायचा. चहा झाला की नळीतून बाहेर यायचा, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या जायच्या, आणि आम्ही तिघं त्यावर वाकायचो. ठाकूरजी सुट्टीवर त्याच गाडीने जाणार होते, म्हणजे वाट चुकायची भीती नव्हती. तिकिटं निघाली. पप्पांची दहा दिवसांची रजा मंजूर झाली. फोरमनच्या सहीचा तो कागद पप्पांनी मला दाखवला, मग आईला दाखवला, आणि मग विसरल्यासारखं करून पुन्हा मला दाखवला.

आईने लोकर आणली. हिमालय म्हणजे थंडी, हे तिने ठरवून टाकलं होतं. कोकणात वाढलेल्या आणि सिल्वासात नोकरी केलेल्या बाईला स्वेटर विणायचा कधी प्रसंगच आला नव्हता, त्यामुळे शेजारच्या एका बाईंकडून टाके शिकून घेण्यापासून सुरुवात. एप्रिलच्या त्या उकाड्यात ती घामाने निथळत, पदराने सुया पुसत विणत बसायची. मांडीवर लोकर घेतली की तिच्या गुडघ्यांना घामोळं यायचं. पप्पांचा तपकिरी, माझा लाल. तिचा स्वतःचा जांभळा अर्धा झाला होता तेव्हा ठाकूरजी आले. त्यांनी ते स्वेटर पाहिले, हातात घेतले, कौतुक केलं, आणि मग बिचाऱ्यांना राहवेना.

"भाभीजी, मई में तो चंबा में पंखा चलता है."

आईने सुया खाली ठेवल्या. "पंखा? मग तिथे जायचं कशाला? पंखा तर आमलीतही आहे."

"वर जाऊ की," पप्पा घाईघाईने म्हणाले. "वर डोंगरात थंडी राहते. काय ठाकूरजी?"

ठाकूरजींनी जोरजोरात मान हलवली. आईने जांभळा स्वेटर पुरा केला.

मग डोंगर चढायचा सराव. सिल्वासा सपाट, म्हणून पप्पा आम्हाला सुट्टीच्या दिवशी पहिल्या बसने खानवेलला न्यायचे. आईने जन्मात पहिल्यांदा कॅनव्हासचे बूट घातले होते, साडीखाली, पांढऱ्या मोज्यांवर. खानवेलच्या पुढे उतरलं की मोहाचा वास यायचा, गोड आणि थोडा आंबूस, सकाळच्या हवेत जड होऊन बसलेला. झाडांखाली पिवळट फुलांचा सडा. वारली बायका टोपल्या घेऊन वाकून फुलं वेचत असायच्या. त्यातल्या एका म्हातारीने आईच्या बुटांकडे बघून हात कमरेवर ठेवला.

"कठं चालली गं बाय, पायात मोजं घालून?"

"हिमालयात जायचंय," आई धापा टाकत म्हणाली. "त्याची सवय करतोय."

"कठं आला तो? दुधनीच्या पल्याड?"

"पल्याडच," पप्पा म्हणाले. "लई पल्याड."

म्हातारीने मूठभर फुलं माझ्या ओंजळीत घातली आणि परत वाकली. आम्ही त्या टेकडीच्या निम्म्यापर्यंत गेलो. आई एका दगडावर बसली, बूट काढले, आणि पप्पांनी तिच्या पायात घुसलेला काटा काढला. डोळे बारीक करून, सेफ्टी पिनने, मशीनमध्ये अडकलेला धागा काढावा तसा. आई त्यांच्या डोक्यावरून दूर बघत होती आणि हसत होती. तिला इतकं सुखात मी आधी पाहिलं नव्हतं, आणि त्यानंतर पुष्कळ दिवस पाहणार नव्हते.

एप्रिलच्या शेवटी लग्नपत्रिका आली. बापूमामांच्या मुलीचं लग्न. तारीख आमच्या गाडीच्या दुसऱ्या दिवसाची. पाकिटावर मामांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'सौ. सुनंदा व चि. वैशाली यांस.' आईचं आडनावही घातलं नव्हतं, कारण आडनाव घातलं असतं तर ते पप्पांचं झालं असतं.

आईने पत्रिका दोनदा वाचली. "आत सहकुटुंब सहपरिवार छापलंय की," ती म्हणाली.

"छापलेलं सगळ्यांनाच राहतं," पप्पा म्हणाले. "लिहिलेलं बघ."

पुढचे चार दिवस आईचं एकच चाललं होतं. भाजी निवडायची, पत्रिकेकडे बघायची. एकुलती एक भाची, लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेली. न जावं तर माहेर कायमचं तुटणार होतं. जावं तर काय तुटणार होतं, ते ती नकाशाच्या नळीकडे बघायचं टाळत होती त्यावरून कळत होतं. मला वाटत होतं, आता ती मामांना पत्र लिहील. आम्ही तिघं चंब्याला चाललोय, असं. मी तर तिच्यासमोर आंतर्देशीय पत्र आणि पेन ठेवूनही पाहिलं.

पाचव्या दिवशी पप्पा वापीला जाऊन आले. टेबलावर त्यांनी राजापूरची दोन तिकिटं ठेवली. चंब्याची तिन्ही परत करून आले होते.

"भाचीचं लगन आहे," ते म्हणाले. "जाऊन या."

मी आईकडे पाहिलं. ती आता रागावेल, मला न विचारता कशी परत केलीत म्हणेल, अशी मी वाट बघत होते. ती म्हणाली, "बरं." पुष्कळ वर्षांनी एकदा कुठल्याशा बोलण्यात तिने मला सांगितलं, "ती तिकिटं बघून मला सुटल्यासारखं झालं गं. त्याचीच लाज वाटते." तिकिटं परत झाली त्या दिवशी मात्र मी लाल स्वेटर कपाटाच्या मागे फेकून दिला होता.

लग्न थाटात झालं. फणसाची भाजी, वालाचं बिरडं, अंगणभर मांडव. मामा आईवर खूश होते. जेवणाच्या पंगतीत आईच्या एका चुलत काकूने सगळ्यांदेखत विचारलं, "काय गो सुनंदा, जावयबापू नाय आले ते?"

वाढणारे थांबले. मामा आमटीची बादली घेऊन दोन पानं पुढे उभे होते.

"सुट्टीच नाही मिळाली हो त्यांना," आई म्हणाली. "कारखान्यात काम फार."

"हां, ता पण खराच," काकू म्हणाली. मामांनी वाकून आईच्या भातावर आमटी वाढली, न मागता. माझ्या डोळ्यांसमोर तो फोरमनच्या सहीचा कागद आला. मी पानावरून उठले. लोकांना वाटलं, पोरीला ऊन लागलं.

दहा दिवसांनी परत आलो तर काशीबेन दारातच भेटल्या. "बिचारा तारा पप्पा," त्या मला म्हणाल्या. "रजा ज न मळी. रोज सवारे टिफिन लईने जता." रजा मिळाली नाही, रोज सकाळी डबा घेऊन जायचे. आई मान खाली घालून आत गेली. तिला वाटलं, खरंच रजा रद्द करून हा माणूस कामावर गेला. आपलं खोटं देवाने खरं केलं, असंही तिला वाटलं असेल.

मलाही तसंच वाटलं असतं. पण पुढच्या आठवड्यात मी पप्पांबरोबर बाजारात गेले होते आणि तिथे फोरमन भेटले.

"क्या भाई, कैसा रहा चंबा?"

मी पप्पांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"एकदम मस्त, साहब. गरमी थी थोड़ी. पंखा चलाना पड़ा."

"तो फिर सिल्वासा क्या बुरा था!" फोरमन हसत पुढे गेले. पप्पाही हसले. मग त्यांना मी शेजारी आहे हे आठवलं आणि ते टोमॅटो निवडायला लागले. एकेक टोमॅटो दाबून, उलटा करून, खूप वेळ.

घरी त्यांनी मला गप्प राहायला सांगितलं नाही. तरी मी राहिले. एका ठिकाणी सुट्टी मिळाली नाही, दुसऱ्या ठिकाणी चंबा मस्त. दहा दिवस हा माणूस डबा घेऊन कुठे जात होता, हे विचारायचं धाडस मला कॉलेजात गेल्यावर झालं. "खानवेलला," ते म्हणाले. "बसायचो झाडाखाली, डबा खायचो, येऊन जायचो. चांगलं वाटे." एवढंच. ठाकूरजी त्या जूनमध्ये परत आले ते मिरच्यांचं लालभडक लोणचं घेऊन. पप्पांना रजा मिळाली नाही असंच तेही आईसारखे समजून चालले होते, आणि मी ते लोणचं त्यांच्या हातून घेतलं. पुढे दोन-तीन वर्षांत ते नोकरी सोडून गावी गेले. नकाशाची नळी घर बदलताना कुठेतरी गेली. आईने सवलत पुन्हा राजापूरचीच घेतली.

आता मी सिल्वासातच, आईपप्पांपासून दोन गल्ल्या सोडून राहते. आई एक्काहत्तरची, पप्पा शहात्तरचे. गेल्या थंडीत बापूमामा गेले. पहाटे फोन आला आणि आई रडत बसली, आणि तिला काही सुचायच्या आत पप्पांनी पिशवी भरून गाडी सांगितली होती. आमच्याकडे म्हणतात, लग्नाला बोलावल्याशिवाय जाऊ नये आणि मरणाला बोलावण्याची वाट पाहू नये. सासरी पप्पा पहिल्यांदा गेले ते असे. त्यांनी खांदा दिला. त्यांना तिथे कुणीच ओळखत नव्हतं. एका म्हाताऱ्याने विचारलं, हे कोण, आणि आई पुढे होऊन म्हणाली, "माझे मिस्टर." तिचा आवाज एवढा मोठा होता की ओसरीवरची माणसं वळली.

त्यानंतरच तिने चंब्याचा ध्यास घेतला. दोनशे पानी वही आणली. कोणती गाडी, कुठे उतरायचं, कुठे पायऱ्या आहेत आणि कुठे नाहीत. मला रोज एक फोन. पप्पा मात्र नाही म्हणतात. आधी गुडघे, मग ब्लडप्रेशर, मग तिकडे दरडी कोसळतात. माझ्या लक्षात आलं होतं की त्यांचं 'नाही' गुडघ्यांतून येत नाही. आईच्याही आलं असावं.

त्या रविवारी पेपर संपवून मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. आई टेबलाशी वही उघडून, मी मोबाइलवर तिकिटांचं पान उघडून. पप्पा खिडकीत शेंगा सोलत होते, चोपड्याहून पुतण्याने पाठवलेल्या.

"तुम्ही दोघी जाऊन या," ते म्हणाले. "मी मोबाइलमधी पाह्यलं सगळं. ते चौगान बी पाह्यलं."

हे 'जाऊन या' मी आधी ऐकलं होतं. आईनेही. तिने वही मिटली.

"अहो, मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "बापूदादाच्या मांडवात मला विचारलं होतं, जावई का नाही आले. भर पंगतीत. मी म्हटलं, त्यांना सुट्टी मिळाली नाही." ती थांबली. चष्मा काढला, पुन्हा घातला. "तुम्हाला बोलावलंच नाही, असं म्हणायला हवं होतं मी. दादा समोर उभा होता. तोंडातून शब्द निघाला नाही. तुमची रजा मंजूर होती आणि मी खोटं बोलले. मला त्याचं फार वाईट वाटतं हो. अजून वाटतं."

पप्पांचे हात थांबले. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"काशीबेनला मी बी तेच सांगितलं," ते म्हणाले.

"काय?"

"सुट्टी भेटली नाही म्हनून. दुसरं काय सांगनार होतो? बायकोनं नेलं नाही, असं?"

इतकी वर्षं आई समजत होती की हा माणूस त्या दहा दिवसांत मशीनवर उभा होता. मी दोघांचंही खोटं पदरात घेऊन बसले होते आणि मला आता काहीच करायचं उरलं नव्हतं. मोबाइलवरचं तिकिटांचं पान वेळ संपून बंद पडलं. मी ते पुन्हा उघडलं, नुसतं हाताला चाळा म्हणून. आईने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले.

पप्पांनी मांडीवरची टरफलं गोळा केली, पेपरात बांधली, उठले, कचऱ्याच्या डब्यात टाकून आले. गुडघ्यांवर हात न ठेवता आले, हे मी पाहिलं. आईच्या शेजारची खुर्ची ओढून बसले.

"मंग आता भेटली म्हन," ते म्हणाले.

"काय भेटली?"

"सुट्टी," पप्पा म्हणाले.